नाळ आणि नाळे

नातीच्या अंगाला वेखंडाचा वास आला आणि मी पंच्याऐंशी सालातल्या कानडी मुलखातल्या शहापुरात, आमच्या हातमागाच्या खोलीत पोचले. मांडीवर अकरा दिवसांची लेक. दुसऱ्या दिवशी बारसं, आणि नाळ पडायचं नाव नाही. मी कागलकडची, कन्नड शून्य.

घरी आलेल्या नर्सबाईंना मराठी कळायचं, पण बोलायच्या कन्नडच. त्यांनी बेंबीवरची हळद पुसली, कोरडं ठेवायची खूण केली.

"बाई, नाळ कधी पडंल?"

"नाळे."

"व्हय, नाळच! पण कधी?"

"नाळे, नाळे!"

मागावरून नवरा खो खो हसला. "अगं, कन्नडात नाळे म्हंजे उद्या!"

आणि खरंच, बारशाच्या सकाळी ती पडली.

आज तीच लेक बाळाची बेंबी टिपत काळजीनं विचारते, "आई, नाळ कधी पडेल गं?"

मी म्हणते, "नाळे."