बापूंची चकती

ही गोष्ट माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्यापुढे नाही, माहेरी आईपुढे नाही, देवापुढे हात जोडतानाही मी ती गिळूनच टाकली. आता मला लिहिता येतं — प्रौढांच्या वर्गात शिकले, उशिरा का होईना — तर म्हटलं, कागदावर तरी ठेवावी. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

माझे सासरे — बापू — तरणेपणी पलटणीबरोबर चीनला गेले होते. शिपाई म्हणून नव्हे, खेचरं सांभाळायला. आमच्या ब्राह्मणपुरी गावात समुद्र पाहिलेला माणूस नव्हता, आणि हे तर समुद्रापलीकडे दोन हिवाळे राहून आले! तिथे एका म्हाताऱ्या चहावाल्याशी त्यांची गट्टी जमली. ना त्याला ह्यांची भाषा, ना ह्यांना त्याची. पण म्हाताऱ्याला जुन्या नाण्यांचा नाद होता, आणि बापूंनाही तो लागला. परत येताना कमरेला सुतळीत ओवलेली पाऊणशे नाणी होती. लोकांनी सोनं आणलं असतं, आमच्या बापूंनी भोकाची नाणी आणली.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. घरात बापू, आमचे हे, आणि मी. हे दिवसभर शेतात. बापूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. दुपारी ओसरीवर सूप घेऊन बसायचे, त्यात नाणी ओतायचे आणि बोटांनी चाचपायचे. आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नाही — तोंडावर पदर, आवाज बंद. सासराही सुनेशी थेट बोलत नाही, खांबाला सांगतो, वाऱ्याला सांगतो. तर बापू एक दिवस खांबाला म्हणाले, “आते दिसत नई माले. कोनी निवडी देतं तं बरं व्हतं.” मी दाराआडून आले आणि सूप माझ्याकडे ओढलं. तिथून सुरू झालं सगळं.

काय सांगू तुम्हाला त्या दुपारी! मला ‘क’ काढता येत नव्हता, पण चार महिन्यांत मी चीनच्या राजवटी ओळखू लागले. बापू खांबाला सांगायचे, मी ऐकायची, आणि सुपात वेगवेगळे ढीग करायची. पिवळट पितळेचं, आणि पाठीवर वेलांट्यांसारखी दोन उभी अक्षरं? ते छिंगवालं, म्हणजे कालपरवाचं. काळपट काशाचं, आणि अक्षरं आपल्या मोडीसारखी पळती? ते सुंगवालं. सुंगांची अक्षरं कधी पळती, कधी वळणदार, कधी सरळ, एकाच राजाच्या तीन तऱ्हा! चार अक्षरं ताठ उभी, काठ रुंद, आणि उलट बाजूला नखाएवढी कोर? ते थांगवालं. बापू सांगायचे, राणीने मेणाच्या साच्यावर नख टेकवलं आणि कारागिराला ते पुसायची छाती झाली नाही, म्हणून ती कोर. खरं की खोटं देव जाणे. पण पहिल्यांदा ती कोर माझ्या बोटाला लागली ना, माझ्या अंगावर काटा आला! हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या कुणा बाईचं नख, आणि वर माझं.

मग त्याहून जुनी. त्यांच्यावर दोनच अक्षरं असतात, भोकाच्या दोन बाजूंना. काठ असेल आणि उजवीकडे डमरू असेल तर ते हानवालं. काठच नसेल, पाठ सपाट असेल, उजवीकडे बैलाचं शिंगाळं डोकं आणि डावीकडे चौकटीत उभी दोन माणसं — ते छिनवालं, सर्वांत आधीचं, दोन हजार वर्षांचं. ही नावं बापूंनीच पाडलेली, डमरू आणि बैल. छिंग आणि छिन यांत माझी गफलत झाली की बापू खांबाकडे बघून हसायचे. “नातू आनि पनजोबा एक करी टाक्या!”

मला सांगा, असा आनंद किती सुनांच्या वाट्याला येतो? मी भाकऱ्या भराभर उरकायची. पाणी आणताना विहिरीवर घुटमळायची नाही. बायका म्हणायच्या, हिला घरात काय पुरलंय? पुरलेलंच होतं की, सुपात.

त्या पाऊणशे नाण्यांत छिनवालं एकच होतं. बापूंचा जीव. पुरचुंडीत निराळं ठेवलेलं, हिरव्या कळकीने असं माखलेलं की अक्षरं दिसायचीच नाहीत. बापू म्हणायचे, मी तरणा असताना उन्हात तिरपं धरून बघितलंय — बैल आहे, दोन माणसं आहेत. पण मला... मला ते पटत नव्हतं. कळकीखाली माझ्या अंगठ्याला काठ लागायचा. काठ म्हणजे डमरू. म्हणजे बापूंचं चुकलं आणि माझं बरोबर! बोलता तर येत नव्हतं. मग मी काय करायची, ते नाणं मुद्दाम हानवाल्यांच्या ढिगात टाकायची. बापू चाचपून ते बाहेर काढायचे. मी पुन्हा टाकायची. असा आमचा मुका वाद महिनाभर चालला होता, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात भारी मजा वाटत होती.

त्या वर्षी आखाजीच्या — अक्षय्य तृतीयेच्या — आधी धुळ्याहून एक पेन्शनर हेडमास्तर यायचे ठरलं. जुन्या नाण्यांतले मोठे जाणकार. बापूंची नाणी बघायला येणार म्हणून गावभर बोलबाला. बापू तर हवेतच होते. आणि मला आखाजीला माहेरी जायचं होतं, म्हणून मी घरातली सगळी तांब्या-पितळेची भांडी काढून चिंच, मीठ, राख घेऊन परसात बसले होते.

आलं ना लक्षात?

मी ते नाणं पुरचुंडीतून काढलं आणि चिंचेच्या कोळात टाकलं. नाणं चांगलं दिसावं म्हणून — असं मी पुढे कितीदा स्वतःला सांगितलं. नाही हो. मला डमरू बघायचं होतं. पाहुण्यासमोर डमरू निघावं आणि बापूंना कळावं की सून बरोबर होती, एवढ्यासाठी. कळक सुटू लागली. मी अंगठ्याने चोळलं. आणि दिसला — बैल! शिंगं, आडव्या दोन रेघा, मधून उभी एक. डावीकडे चौकट, चौकटीत दोन माणसं. बाई गं! मी एकटीच परसात ओरडले. बापूंचंच खरं होतं! मी हरले होते आणि तरी मला नाचावंसं वाटत होतं. अजून स्वच्छ दिसावं म्हणून मी राख घेतली आणि घासलं. आणखी घासलं.

धुऊन बघते तर काहीच नाही.

अक्षरं त्या हिरव्या थरातच उरली होती, खालच्या काशात नव्हती. मला कुठून ठाऊक असणार? भांडं घासलं की नक्षी उठून दिसते, एवढंच आम्हा बायकांना माहीत. माझा काठही कळकीचाच होता, तोही गेला. हातात एक लख्ख, गुळगुळीत, मधे भोक असलेला तुकडा. मी तो पुसला, पुरचुंडीत ठेवला, गाठ मारली. आणि भांडी घासत बसले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर आले. ओसरीवर निम्मं गाव. छिंग, सुंग, थांग, सगळं बघून ते डोलत होते, वाहवा करत होते. शेवटी बापूंनी स्वतःच्या हाताने पुरचुंडी सोडली. हेडमास्तरांनी भिंग लावलं, उलटंपालटं केलं, आणि हसले. “बापू, ही चकती आहे हो. गाडीच्या आखाला घालतात तसली.”

बापू म्हणाले, हिरवी आहे ना? ते म्हणाले, कसली हिरवी, चकाकतेय. मग बापूंनी दाराकडे तोंड केलं. “कोनी धुई का हाई?” माझ्या यजमानांनीच परस्पर सांगितलं, कोण धुणार, तुमच्या पुरचुंडीला घरात हात कोण लावतो? मी दाराआड उभी होते. पदर तोंडावर होता, आणि सुनेने चारचौघांत बोलायची रीत नव्हती. किती सोयीची रीत! एरवी मला ती काचायची, त्या दिवशी मी तिला घट्ट धरून बसले.

गावाला काय, आयतं मिळालं. “चकतीबापू” नाव पडलं. “बापू, चीनमा बैलगाड्या भलत्या व्हतीन ना?” पुढे पुढे लोक म्हणू लागले, हा चीनला गेलाच नव्हता, मुंबईच्या गोदीत हमाली करून आला. ज्या माणसाने उभ्या जन्मात एक थाप मारली नाही, त्याला गाव थापाड्या म्हणू लागलं. आणि मी? मी आखाजीला माहेरी गेले, झोक्यावर बसले, गाणी म्हटली. म्हटली हो!

इथवरचं सांगायला तरी मला जमलं. पण खरा गुन्हा पुढेच आहे.

पावसाळा सरला. बापूंनी सूप काढणं सोडलं होतं. एका दुपारी ती चकती घेऊन ते उंबऱ्याशी आले, खाली बसले आणि खांबाकडे नाही — माझ्याकडे तोंड करून बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. “माय, तुन्हा डोया तरना शेतस. तूच निवडे. खरं सांग, आठे अक्षरं व्हतात का नई? का माले भासच व्हयना?”

कुणी नव्हतं घरात. ना गाव, ना हेडमास्तर. रागावणारा माणूस तो नव्हताच, त्यांना फक्त एवढंच हवं होतं की आपले डोळे खोटे नव्हते. आणि ते जगात मला एकटीलाच ठाऊक होतं. बोलायचीही गरज नव्हती. मान हलवायला कुठली रीत आडवी येते? हो म्हटलं, तर ‘तुला कसं दिसलं’ हे आलं, चिंच आली, माझा हात आला.

मी मान हलवली. नाही म्हणून.

बापू चकती मुठीत घेऊन उठले. मग “बरं” म्हणाले. त्या संध्याकाळी ते चावडीवर गेले आणि आपणहून सगळ्यांना सांगितलं की ती चकतीच होती, मीच येडा. लोक हसले, बापूही हसले. त्यानंतर तीन वर्षं ते जगले, आणि कुणी चीनचं विचारलं तर म्हणायचे, नीट आठवत नाही.