बाबा आत आहेत का?

उंदीर शुद्धीवर आहे की नाही हे ठरवण्याचा मला सरकारी पगार मिळायचा. लखनौच्या आमच्या संस्थेत गुंगीच्या औषधांवर काम चालायचं. औषध दिलेल्या उंदराला उताणं ठेवायचं. उलटून पायांवर आला तर शुद्धीत, पडून राहिला तर नाही. झालं! आईनं मात्र बाबांबद्दल तेच विचारलं, तेव्हा ही चाचणी कुठली चालायला!

दोन हजार नऊ-दहाची गोष्ट. बाबा हवाई दलातून निवृत्त होऊन आईसह लखनौलाच आमच्याकडे राहिलेले. पक्षाघाताचा झटका आला आणि दोन महिने नुसते पलंगावर पडून. डोळे उघडे, पण नजर कुठंच नाही. डॉक्टर म्हणाले, "उम्मीद मत रखिए." आई रोज मला धरायची. "तू शास्त्रज्ञ ना? मग सांग, हे आत आहेत का? का माणूस आधी निघून जातो आणि शरीर मागं राहतं?"

बाबांनी एका वाक्यात निकाल लावला असता. आत्मा, पुनर्जन्म असलं कुणी काढलं की म्हणायचे, "इंजिन बंद म्हणजे बंद. त्याचा आवाज कुठं गेला, असं विचारतं का कुणी?" जन्मभर विमानांची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस! मलाही ते पटायचं. पण आईसमोर बोलायची छाती होईना.

मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. वही केली. रोज सकाळी त्याच क्रमानं त्याच सूचना: हात दाबा, डोळे मिटा, माझ्याकडे बघा. प्रत्येकीपुढे फुली. ती वही आईला दाखवायची मला लाज वाटायची, आणि ती मागायची काही सोडत नव्हती.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत. पण दिवेलागणीला परवचा मराठीतच, हा बाबांचा नियम. रोज मोठ्यानं पाढे म्हणायचे, तिसापर्यंत. आजारपणात ते बंदच पडलं होतं. एका संध्याकाळी आई तिला म्हणाली, "म्हण गं बाई, घर कसं खायला उठतंय." पोरगी बाबांच्या पलंगावर बसून, पाय हलवत, कंटाळत म्हणायला लागली. "तेवीस एके तेवीस, तेवीस दुणे शेहेचाळीस, तेवीस त्रिक उनहत्तर..."

मराठी पाढ्यात हिंदी आकडा! ही खिचडी म्हणजे बाबांचं डोकं फिरवायचा हमखास उपाय.

"एकोणसत्तर."

मी कणीक मळत होते, तशीच धावले. पोरगी पलंगावर उभी राहून ओरडत होती, "मम्मी! आजोबा ने डाँटा! मुझे डाँटा!"

"पुन्हा म्हण! तस्संच, चुकीचं म्हण!"

ती म्हणाली. बाबांची एक भुवई वर चढली. दहावीच्या माझ्या गणिताच्या मार्कांवर चढली होती ना, तीच ती! "ए... कोण... सत्तर." घोगरा, अर्धा चावलेला शब्द, पण चिडका! अरे देवा, मी हसत होते, रडत होते, बाबांच्या गालांना कणीक फासत होते. इतके दिवस मी हुकूम सोडत होते. या माणसानं घरात कधी कुणाचा हुकूम ऐकला होता? चूक मात्र त्यांना कधी सहन झाली नाही.

आई दारात उभी होती, पांढरीफटक.

"म्हणजे हे सगळा वेळ आतच होते?"

"हो आई, होते! आहेत!"

"अगं, मग सगळं ऐकलं असेल की त्यांनी!"

तेव्हा कुठं तिच्या तोंडून मला कळलं. मी कामावर गेले की दुपारी आई त्यांच्याशी भांडायची. माझ्या वहीतल्या फुल्या बघून, गेलेच आहेत असं धरून. लग्नापासून गिळलेलं सगळं तिनं बोलून टाकलं होतं. सुटलेली शाळेतली नोकरी, बदल्या, आणि तिची आई शेवटच्या आजारात असताना बाबांनी तिला पाठवलं नाही, ते.

"आता काय करू गं?" तिनं विचारलं.

तिनं पदर सारखा केला, आत गेली, नातीला बाजूला सारून त्यांच्याशेजारी बसली.

"ऐकलंत ना? बरं झालं. त्यातलं एक अक्षर मी मागं घेणार नाही. माझ्या आईच्या वेळी मला का जाऊ दिलं नाहीत, त्याचं उत्तर हवंय मला. सावकाश द्या. मी आहे इथं."