पडद्यामागची आजी

मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओतूरच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होते. "मॅडम गेल्या गं," एवढंच शोभा सिस्टर म्हणाली. माझ्या तोंडून निघालं, "आणि आजी?" वेड्यासारखंच...

आजी म्हणजे आमच्या दवाखान्यातली रबरी बाहुली. हाड बसवताना, टाके घालताना पेशंटला गुंगीचं औषध द्यावं लागतं. ते सांभाळून कसं द्यायचं, हे आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम आम्हा नर्सेसना तिच्यावर शिकवायच्या. स्वतः पडद्यामागं स्टुलावर बसून तिचा आवाज काढायच्या. मॅडमचं माहेर डिंभ्याचं, मग आजीही तिकडचीच! "पोरी, खांदा लई दुखतोय गं. म्हैस दुसऱ्या कुणाला धार काढू देत न्हाई, सांजच्याला घरी जायाचंय मला." आम्ही हसून बेजार. औषध चढत जाईल तशी म्हशीची गोष्ट जड होत जायची आणि मधेच आजी गप.

"झोपल्या वाटतं," मी पहिल्यांदा म्हणाले. हाय रे देवा! पडदा फाटकन बाजूला झाला. "झोपली न्हाई, श्वास थांबलाय तिचा! मॉनिटर मागनं बोंबलतो, माणूस आधी गप व्हतं. तिला बोलतं ठेव!" मॅडम चिडल्या की थेट माहेरच्या बोलीवर यायच्या. नंतर चहा पाजताना म्हणाल्या, "हिच्यावर हजारदा चूक गं. माणसावर नको."

मॅडम गेल्यावर हे शिकवणंच बंद करायची भाषा सुरू झाली. आजीचा आवाज कोण काढणार? माझं डोकंच फिरलं. मग नव्या मुलींनी काय जिवंत माणसावर शिकायचं? "मी बसते," म्हणून टाकलं.

परवा बसले. स्टूल अजून मॅडमच्याच उंचीचं, माझे पाय अधांतरी. म्हशीपासून सुरुवात केली. एका नव्या मुलीनं विचारलं, "आजी, म्हशीचं नाव काय?" मॅडमनी नाव ठेवलंच नव्हतं! मी आपलं "चंद्री" सांगितलं. मग शब्द जड केले... आणि गप झाले. गप बसणं इतकं अवघड असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

"आजी! डोळे उघडा! बोला ना!" पोरीनं खांदा हलवला, हनुवटी उचलली, मास्क लावला. मी बटण दाबलं, बाहुलीची छाती हलली. इकडं मला रडू आवरेना.

"आजी, बरं वाटतंय ना आता?"

डोळे पुसले. "व्हय पोरी. धारेची येळ झाली, आता जाऊ दे मला घरी."