लाल पेन्सिलवाले काका

शनिवार, सकाळी दहा, अमेरिकेतल्या कॅरी गावच्या लायब्ररीतली मीटिंग रूम. हजर: काका, मावशी आणि मी.

काका आमच्या इथल्या मराठी मंडळातले निवृत्त सर्जन. नर्सेसवरच्या एका इंग्रजी डॉक्युमेंटरीचं निवेदन मी मराठीत उतरवते आणि काका ते तपासतात. एखादा वाक्प्रचार अडला तर काका कुणाला विचारत नाहीत. "अमेरिकन लोकांची बडबड!" म्हणतात आणि पट्टी लावून लाल पेन्सिलीने अख्खं वाक्य खोडतात.

आज त्यांनी मावशींचं वाक्य खोडलं. मावशी तीस वर्षं इथे नर्स होत्या, आणि फिल्ममध्ये त्यांच्यावर तेवढं एकच वाक्य आहे. इंग्रजीत त्या पेशंटसाठी 'फांदीच्या टोकापर्यंत गेल्या' असं म्हटलंय. म्हणजे चुकीचं औषध देणाऱ्या डॉक्टरला त्यांनी नोकरी पणाला लावून अडवलं. मी सरळ तोच अर्थ लिहिला होता.

"नर्स झाडावर कशाला चढेल?" काका मूळ इंग्रजी ओळीवर बोट ठेवून हसले.

"काका, माझ्या मराठीत झाड कुठेच नाही. तुम्हाला अर्थ कळला नाही, की आवडला नाही?"

काका पट्टी पुसत राहिले.

"जाऊ दे गं," मावशी म्हणाल्या. "काका स्वतः डॉक्टर आहेत, त्यांनी बघितलंय ना."

भर वॉर्डात डॉक्टरला 'थांबा' म्हणणारी बाई इथे 'जाऊ दे' म्हणते, याचा मला जास्त संताप आला.

सोमवारी रेकॉर्डिंग आहे. काकांच्या सहीशिवाय मंडळ मजकूर पुढे पाठवत नाही, आणि कागद काका घरी घेऊन गेलेत. रेकॉर्डिंगच्या तयारीची माझ्या यादीतली बाकी कामं झाली. मावशींचं वाक्य परत घालायचं राहिलंय.