विष्णुपंत कुणाचंच ऐकून घेत नसत

"वही आत घाल! आधी वही आत घाल, मग काय मरायचं ते मर."

विष्णुपंतांचा हा आवाज पोशेऱ्याच्या टेकडीवरून सुटला तो खोडाळ्याच्या बाजारात बसलेल्या म्हशी उठवूनच परत आला, असं मी आजही शपथेवर सांगतो. माझा गुन्हा एवढाच, की पाड्यात शिरताच मी वही उघडली. क्षणात पाडा रिकामा. पाय चालतील ते सगळं रानात, कोंबड्यांसकट. नाव लिहून नेलं की मागोमाग शिपाई येतो, हे तिथल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. ठाण्याहून आलेला शहाणा तेवढा मी.

मुंबईच्या एका धर्मादाय मंडळीने आम्हा तीन बातमीदारांना पावसाळ्यापुरतं विद्यावेतन देऊन जव्हार संस्थानात धाडलं होतं. रोगराईची बातमी कशी लिहावी, ते शिकायचं. शिकवणारे विष्णुपंत. पूर्वी गावोगाव देवी टोचत हिंडलेले, आता मंडळीचे पगारी. पहिल्याच पंगतीला म्हणाले, "पोटभर जेवा. पण लिहायला शिकवून वर भातही का वाढतात, हे घासाघासाला विचारत जा."

पंत छत्रीसुद्धा उलटसुलट तपासल्याशिवाय उघडत नसत. आरशापुढे उभे राहिले की त्यालाही विचारत असावेत, "तुम्हाला कोणी पाठवलं?" आम्ही काही सांगायला गेलो की ठरलेला सवाल, "तू पाहिलंस, की पाहणाऱ्याच्या मेव्हण्याने सांगितलं?" मला मात्र त्यांचाच संशय येई. आपल्या औषधाने डोंगरातली पटकी संपली, असं मंडळीने आधीच छापून टाकलं होतं, आणि पंत पगार खात त्याच मंडळीचा.

पोशेऱ्यात पटकी आहे, अशी कुजबुज जामसरला आमच्या मुक्कामी कानावर आली होती, म्हणूनच पंत मला घेऊन त्या पाड्यात आले होते. खरी ठरली तर बातमी छापून औषध आणता येणार, नाहीतर पाडा असाच मरणार. पण विचारायचं कोणाला? रानातून एकटा लखमा परतला, पाड्यातला म्हातारा.

"आजार आहे का रे?"

"नाय."

"कोणी मेलं?"

"कोनी नाय. तुमी जावा."

पंतांनी हुज्जत घातली नाही. मला शेताकडे नेलं. लावणी उरकत आली होती. जमीन भाजून राब करायचा, त्यात भात पेरायचं, रोपं हातभर झाली की उपटून खाचरात लावायची. पंतांनी बोट दाखवलं. सात राब तसेच उभे, रोपं पिवळी पडून लोळत होती.

"माणूस लपवता येतो," पंत म्हणाले, "लावणी लपवता येत नाही. या सात घरांत उठायला कोणी नाही. आता वाकून आत बघ, मग लिही."

बघितलं. चार घरांत माणसं निजून होती. तीन घरांत निजायलाही कोणी उरलं नव्हतं. लखमा मागून पुटपुटला, "मी नाय दाखवलं. तुमीच बघितलं."

बातमी लिहिल्याचं कळताच मंडळीचे चिटणीस असे सुसाट आले, की वाटेत बैलांनी दोनदा राजीनामा दिला. "पटकी संपली आहे," ते म्हणाले, "पाहिली कोणी?"

आम्ही तिघं विद्यावेतनवाले जमिनीकडे बघत राहिलो. पंत म्हणाले, "मी पाहिली. बातमीखाली माझं नाव घाला. बिननावाच्या बातमीवर माझासुद्धा विश्वास बसत नाही."

बातमी नावासकट छापली. आठवड्यात पोशेऱ्याला औषध आलं, डॉक्टर आला. त्याच गाडीने पंतांना कामावरून काढल्याचं पत्रही आलं. पंतांनी ते उजेडात धरून सही खरी आहे का ते पाहिलं आणि दुसऱ्या सकाळी नाशिकच्या वाटेने निघून गेले. पुन्हा भेटले नाहीत.

मी तडक पोशेरा गाठला. लखमाला म्हटलं, तुमच्यापायी पंतांची नोकरी गेली.

त्याने सावकाश चिलीम भरली.

"पगारी मानूस व्हता म्हनून घरात घेतला नाय," तो म्हणाला. "आता येऊ द्या."