बाथरूमचा झरोका

फटबुजे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. घराघरातल्या फटी बुजवतात म्हणून लोकांनी ते चिकटवलं, आणि माणूस असा दिलखुलास की बेल वाजवून स्वतःच सांगायचे, "फटबुजे आलेत, दार उघडा." मूळचे सुतार. कमी इंधनात घर ऊबदार ठेवायची योजना निघाली, तेव्हा पन्नाशीला टेकल्यावर नव्यानं शिकले. पातळ कागदाची पट्टी चौकटीजवळ धरायची. ती थरथरली की तिथून वारा येतोय समजायचं. मग दाराला रबर, खिडकीला दुहेरी काच, भिंतीच्या भोकात फुगून घट्ट होणारा फेस. सात वर्षांत दोनशेवर घरं झाली.

कामाला चोख, पण भारी भिडस्त. भिडस्तपणाला लोक चांगुलपणा म्हणतात. मला विचाराल तर यासारखा घातकी गुण दुसरा नाही. काम आटोपून फटबुजे बूट घालायला वाकले की घरातलं कुणीतरी म्हणणारच, "तेवढं एक राहिलं बघा." की लागलीच पिशवी पुन्हा उघडली. नाही म्हणायला जीभच वळायची नाही.

त्या मंगळवारी सकाळी ते एका नव्या घरात शिडीवर उभे होते आणि घरमालकाला समजावत होते, "हा झरोका बुजवायचा नाही बरं का. खाली गॅसचा गिझर आहे. घर घट्ट झालं की आगीला हवा पुरत नाही, आणि मग जो वायू होतो त्याला ना रंग, ना वास. नुसती गुंगी येते आणि माणूस जातो. म्हणून सगळं बुजवून झाल्यावर गिझर पेटवून, वायू मोजायचा मीटर धरून पंधरा मिनिटं परीक्षा..."

पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. काल संध्याकाळी निवृत्त मास्तरीणबाईंच्या घरी ही परीक्षा झाली होती, मीटर शून्यावर होता, कागदावर सही झाली होती. मग बूट घालताना बाई म्हणाल्या, "बाथरूममध्ये वरून गार झोत येतो रे, तेवढं बघतोस?" फटबुज्यांनी स्टुलावर चढून झरोक्यात फेस मारला होता. अर्ध्या मिनिटाचं काम. बाईंनी "शाबास" म्हटलं होतं.

त्यांनी शिडीवरूनच फोन लावला. घंटा वाजत राहिली. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि बाई दहाच्या ठोक्याला आंघोळीला जातात हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. एकट्या राहणाऱ्या माणसाचं घड्याळ फार पक्कं असतं.

"काय झालं हो?" घरमालकानं विचारलं. उत्तर द्यायला फटबुजे थांबले नाहीत. चार गल्ल्या ते धावत गेले. गुडघे कधीचे कुरकुरत होते, पण आज त्यांची दाद घेणार कोण? त्यांच्या मुलीला अक्षरओळख याच बाईंनी करून दिली होती. बाई बाहेर गेल्या असू देत, फोन घरी विसरल्या असू देत, असं ते पुटपुटत होते, आणि मनातून त्यांना पुरतं कळत होतं की तसं नाही.

बेल वाजवली, दार बडवलं. दाराला कान लावला तर आतून काहीच ऐकू येईना. येणार कुठून? रबर त्यांनीच बसवलं होतं. त्यांनी कमरेचा हातोडा काढून खिडकीवर घातला. बाहेरची काच फुटली, आतली तशीच. आपण इतकं चांगलं काम का केलं, याचा असा संताप त्यांना जन्मात आला नव्हता. तिसऱ्या घावाला आतली फुटली.

बाई बाथरूमच्या उंबऱ्यावर पडल्या होत्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. गरम पाणी वाहत होतं. फटबुज्यांनी श्वास धरून गॅस बंद केला आणि बाईंना काखेत हात घालून फरफटत बाहेर पायरीवर आणलं. शेजारणीनं अँब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत ते बाईंच्या नाकाशी हात धरून बसले होते, आणि श्वास चालू आहे की नाही ते काही कळेना.

दुपारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, धोका टळला. बाईंनी डोळे उघडले, फटबुज्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुझा काही दोष नाही रे. मीच मागे लागले." योजनेचे साहेब शेजारी कागद घेऊन उभेच होते. त्यांनी तसं लिहायला घेतलं. निरोप मिळून आलेली फटबुज्यांची बायको त्यांच्या कानाशी लागली, "बाई स्वतः म्हणतायत ना? मग गप्प बसा. इतक्या वर्षांचं नाव आहे."

ते गप्प बसलेही. मग त्यांना आपली कामाची वही आठवली, आणि सकाळपेक्षा मोठी भीती अंगावर आली. वहीत प्रत्येक घराचं परीक्षेपर्यंतचं सगळं होतं. परीक्षेनंतरचं एक अक्षर नव्हतं. बूट घालताना केलेलं काम कोण लिहून ठेवतो?

"साहेब," ते म्हणाले, "परीक्षा झाल्यावर बुजवलं असं लिहा. आणि हे काही पहिलं घर नाही."

साहेबांचं पेन थांबलं. "मग कुठली कुठली?"

"आठवत नाही."

साहेबांनी तिथल्या तिथे घरांची यादी काढून फोन सुरू केले. फटबुजे मीटर घेऊन निघाले. दवाखान्यापासून सगळ्यात जवळचं घर मागच्याच रस्त्याला होतं, गेल्या महिन्यातलं. बेल वाजवली. दारात त्या घरची सून आली. आत कुठेतरी बादलीत पाणी पडत होतं.

"या की काका," ती हसून म्हणाली. "तुमचे उपकारच झाले बघा. घर असं ऊबदार झालंय, की आमचं बाळ हल्ली रडतच नाही. आंघोळ घातली की दिवसभर झोपून असतं."

फटबुजे बूट न काढता तिला बाजूला सारून आत धावले.