पोह्यांची गाडी आणि पिवळा सिग्नल

माझ्या मुलीचं लग्न एका पिवळ्या दिव्यापायी मोडता मोडता राहिलं.

मी डहाणूचा. नोकरी संपली आणि खेळण्यातल्या रेल्वेचा छंद लागला. (आमची ही त्याला छंद म्हणत नाही. ती म्हणते तो शब्द छापता येत नाही.) केतकीचं, म्हणजे माझ्या मुलीचं, तलासरीच्या निखिलशी जमलं होतं. फक्त त्याच्या आईचा होकार बाकी होता, आणि रविवारी त्या मुलगी बघायला येणार होत्या.

"येऊ देत," केतकी म्हणाली. "पण पोह्यांचा ट्रे घेऊन, मान खाली घालून मी येणार नाही. नाही म्हणजे नाही!"

"मग पोहे काय चालत येणार?" ही कडाडली.

"गाडीनं येतील!" मी बोलून गेलो. माझी जीभ नेहमी माझ्या आधी सुटते.

झालं! स्वयंपाकघरापासून पॅसेजमधून थेट सोफ्यापर्यंत स्टुलांवर फळ्या टाकून रूळ अंथरले. आता प्रश्न सिग्नलचा. हिरवा स्वयंपाकघराच्या दारात, तिथून गाडी सुसाट सुटणार. लाल अगदी सोफ्यासमोर, पाहुण्यांना दिसावा म्हणून. आणि मध्ये पॅसेजात पिवळा, तिथे गाडीचा वेग कमी व्हावा म्हणून. वा! मी स्वतःवरच खूश झालो.

तेवढ्यात कासाहून माझी थोरली बहीण आक्का आली. "अरे, हा दिवा देवघराच्या तोंडाशी? नमस्कार गणपतीला करायचा की याला?"

पिवळा पुढे सरकवला.

"अहो, इथे माझा पदर अडकतो!" ही म्हणाली.

आणखी पुढे सरकवला.

"बाबा, बाथरूमचं दार उघडत नाहीये!" केतकी आतून ओरडली. (तिला सोडवायला आधी रूळ काढावे लागले.)

शेवटी वैतागून मी पिवळा उपटलाच. "जाऊ दे! एवढ्याशा दिव्यानं काय होतंय?" हे मीच म्हणालो, दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

चाचणी घ्यायची तर ही पोहे देईना. "पाहुण्यांच्या आधी पोह्यांना हात लावायचा नाही! त्यांच्यापुढे उष्टं ठेवायचं?" म्हणून रिकाम्या बश्या डब्यांत घट्ट बसवून गाडी सोडली. लालपाशी गाडी गचकन थांबली. बशी हलली नाही. मी कॉलर ताठ केली.

रविवारी निखिल आणि त्याची आई आले. आई मोतिया रंगाची रेशमी साडी नेसून सोफ्यावर बसल्या. मी रुबाबात बटण दाबलं. शिट्टी वाजली. पोह्यांचे डोंगर घेऊन गाडी पॅसेजातून भरधाव आली. लाल लागला. इंजिन थांबलं. बश्या थांबल्या.

पोहे थांबले नाहीत.

खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाच्या फोडींसकट सगळे निखिलच्या आईच्या मांडीवर!

"तरी मी म्हणत होते, मध्ये एक दिवा ठेव!" आक्का म्हणाली.

केतकी धावत आली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो बघून मला रडूच यायला लागलं. गुडघ्यावर बसून ती साडीवरचे पोहे वेचू लागली. "काकू, सॉरी. ट्रे आणायला मी नाही म्हटलं, म्हणून हे सगळं झालं."

"मी आणला होता हो ट्रे," त्या म्हणाल्या. "हात असे लटलटले, की चहा सासऱ्यांच्या धोतरावर! अजून ऐकवतात मला. इथे निदान मुलीकडे बोट दाखवायला जागा नाही!" आणि त्या माझ्याकडे बघून अशा हसत सुटल्या, की निखिलनं त्यांना पाणी दिलं. मग मांडीवरचेच चार पोहे त्यांनी तोंडात टाकले. "मीठ बरोबर आहे. मुलगी पसंत!"

"पण पोहे आईनं केलेत," केतकी म्हणाली. (खरं बोलायची कसली घाई असते या पोरीला!)

"मग आईसुद्धा पसंत!"

माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. तारखेचं बोलणं सुरू झालं, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "मानपान नको, देणंघेणं नको. एकच अट. लग्नात व्याह्यांनी कशालाही चाकं लावायची नाहीत."

"मान्य!" ही, आक्का आणि केतकी एका सुरात ओरडल्या. मला कुणी विचारलंही नाही. विचारणार तरी कसं? मुलीचा बाप तेव्हा सोफ्याखाली पालथा पडून शेंगदाणे गोळा करत होता!